छतावरचं ऊन

दुपारचे बारा वाजले होते. छतावर ऊन रणरणत होतं, त्या उन्हाकडे तोंड करून बारा सौर पॅनेल नुसती पडून होती, आणि खाली खोलीत मास्तरीणबाईंचं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं होतं. सकाळच्या वादळात झाडं आडवी झाली, तारा तुटल्या, सगळ्या गल्लीची वीज गेली. आता उशाशी उरलं होतं एक छोटं सिलिंडर, तासभर पुरेल एवढं. रुग्णवाहिकेवाले म्हणाले, रस्त्यातली झाडं तोडून होईपर्यंत तीन तास तरी लागतील.

बाईंच्या नवऱ्याला, मास्तरांना, गल्ली सौरमास्तर म्हणायची, आणि उगाच नव्हे. भूगोल शिकवून निवृत्त झाले तरी शिकवायची खोड काही गेली नाही. दिसेल त्याला धरून सांगायचे, कोळसा संपेल, तेल संपेल, पण ऊन, वारा, वाहतं पाणी, जमिनीच्या पोटातली उष्णता आणि शेणाचा गॅस यांना मरण नाही. धूर नाही, राख नाही, कुणाच्या छातीत काजळी नाही. लोक त्यांना पाहून वाट बदलत. पण म्हणणं खोटं नव्हतं, आणि पुढे अर्ध्या गल्लीने त्यांचं ऐकून पॅनेल बसवलीही.

मग आज ती चालेनात का? मास्तरांनी पॅनेल बसवणाऱ्या मिस्त्रीला फोन लावला. तो बिचारा अजिजीने म्हणाला, "सर, बाहेरची लाइन गेली की आपली यंत्रणा आपोआप बंद होते. नाहीतर तुमची वीज तारेत शिरेल आणि खांबावर चढलेला माणूस जागच्या जागी मरेल. मी तेव्हाच म्हटलं होतं, बॅटरी घ्या."

तेव्हा मास्तरांनी उलट त्यालाच शिकवलं होतं की दिवसा जास्तीची वीज तारेत सोडायची, रात्री परत घ्यायची, तारच आपली बॅटरी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

खोलीत आले तर बाईंनी सिलिंडरचा नॉब निम्म्यावर आणलेला. ओठ निळसर पडले होते. पुरवून वापरते, असं म्हणताना त्या दोनदा थांबल्या.

आता एकच दार उरलं होतं, पलीकडच्या बेकरीवाल्याचं. त्याच्याकडे डिझेलचा जनरेटर होता. त्याचा धूर थेट बाईंच्या खिडकीत यायचा आणि त्या खोकून खोकून अर्ध्या व्हायच्या, म्हणून मास्तरांनी गल्लीभर हिंडून सह्या गोळा केल्या होत्या, गल्लीतले सगळे जनरेटर बंद करा असा नगरपालिकेत अर्ज दिला होता. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. आज मास्तरांनी सगळा मानापमान गुंडाळून ठेवला. जनरेटर आणतो, असं बाईंना सांगून ते चपलाही न घालता धावले.

बेकरीवाला मैद्याने माखलेल्या हातांनी दारात उभा राहिला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. टोमणा मारायची संधी होती, पण त्याने मारला नाही.

"मास्तर, तो मी विकला. गेल्या महिन्यात, तुमच्या अर्जावरून नोटीस आल्यावर."

"दुसऱ्या कुणाकडे?"

"या गल्लीत आता कुणाकडेच नाही. तुम्हीच सगळ्यांचे बंद करायला लावलेत."

तरीही हात पुसत तो म्हणाला, पुढच्या वस्तीत बघून येतो, आणि पडलेली झाडं ओलांडत निघालाही. पायी नुसतं जायलाच अर्धा तास. जनरेटर घेऊन परत यायला त्याहून जास्त.

मास्तर घरी आले. बाईंची नजर दारावरच होती.

"मिळाला?"

मास्तरांचं खोटं बाईंना लगेच कळायचं. चाळीस वर्षांत एकदाही पचलं नव्हतं.

"मिळाला. मागून आणताहेत," ते म्हणाले.

आज बाईंना कळलं नाही. त्यांचा चेहरा सैलावला. मग कशाला उगाच कंजूसपणा, असं पुटपुटत त्यांनी हात लांब केला आणि नॉब पूर्ण उघडला. छातीभर श्वास घेतला, डोळे मिटले. सिलिंडरचा काटा भराभर खाली येऊ लागला, आणि तो नॉब कमी कर म्हणायचं, तर जनरेटर मिळाला नाही हे मास्तरांना आधी सांगावं लागणार होतं.