मागची रेघ

मी एक कोबाल्टचं यंत्र. परळच्या एका जुन्या इस्पितळाच्या तळघरात, पुरुषभर जाडीच्या भिंतींआड माझं आयुष्य गेलं. माझ्या पोटात बोटाच्या पेराएवढा कोबाल्टचा तुकडा होता. त्याचे किरण कॅन्सरची गाठ जाळत. ते दिसत नाहीत, त्यांना आवाज नाही, वास नाही. म्हणून माझं काम सुरू होताना सगळे बाहेर जात, जड दार लागे, आणि आत मी आणि रोगी दोघेच उरत असू.

त्या एकांतात माणसं माझ्याशी बोलायची. कोणी विनवायचं, कोणी शिव्या घालायचं. मी सगळ्यांचं ऐकलं.

डॉ. सुनेत्रा राजाध्यक्ष माटुंग्याहून यायच्या. किरण कुठे पडायचे ते ठरवून त्या रोग्याच्या कातडीवर जांभळ्या शाईने रेघा आखत आणि शाई वाळावी म्हणून हळूच फुंकर घालत. तेवढ्यात घरची विचारपूस होई.

मग गिरण्यांचा संप झाला. भोंगे थांबले. त्याच वर्षी सुनेत्राबाईंच्या जोडीचे दोन डॉक्टर गेले, एक आखातात, दुसरा स्वतःच्या दवाखान्यात. रोजचे सत्तर रोगी त्यांच्या एकटीवर आले. माझा कोबाल्टही विझत चालला होता. दोन मिनिटांच्या कामाला चार लागत. बाई उभ्याउभ्या जेवू लागल्या, मग डबा तसाच परत जाऊ लागला. फुंकर बंद झाली. नावंही गेली. "गळा आला का?" असं त्या विचारत. माझी कळ दाबणारा रघु सावंत तेव्हा म्हणे, "गळो नाय मॅडम, दत्ताराम."

दत्ताराम हा लालबागच्या चाळीतला संपकरी विणकर. घशात गाठ. चार आठवडे उपचार झाल्यावर बाईंनी त्याच्या मानेवरची मागची रेघ पुढे घेतली होती. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला सोसेल तेवढे किरण झाले होते, आता त्या रज्जूला किरणांबाहेर ठेवायचं होतं.

तेवढ्यात दिवाळी आली. रेघांना पाणी लावायचं नाही, हे रघु प्रत्येकाला बजावायचा. पण दत्तारामच्या बायकोने, कौसल्येने, नरकचतुर्दशीला नवऱ्याला तेल चोळलं आणि उटण्याने खसाखसा घासून आंघोळ घातली. परत आला तेव्हा मान स्वच्छ. रघु तिच्यावर उखडला.

"आज नाय न्हायलो तर नरकात जातत म्हणतत," कौसल्या पुटपुटली.

"आणि ह्या तळघरात काय स्वर्ग असा?" दत्ताराम म्हणाला.

बाई हसल्या. कित्येक महिन्यांनी. मग फाइल न उघडताच त्यांनी कुंचला उचलला आणि हाताच्या सवयीने रेघा आखल्या. मागची रेघ जुन्याच जागी आली.

"मॅडम, ही फुडे घेतलेली ना?"

"रघु, बाहेर चाळीस जण बसलेत."

रघु बाहेर कळीपाशी गेला. दार लागलं. पुढचे दहा दिवस मी त्या रेघेपर्यंत किरण सोडत राहिलो. मला थांबता येत नव्हतं. हे माझं समर्थन नाही.

शेवटच्या दिवशी फाइल पुरी करताना बाईंना ते दिसलं. त्या माझ्याजवळच्या स्टुलावर बसून राहिल्या. कुणाला बोलल्या नाहीत. त्यानंतर त्या प्रत्येक रेघ तीनतीनदा मोजू लागल्या. बसच्या रांगेतून परत येऊन फायली उघडू लागल्या. दर महिन्याला दत्तारामला खाली माझ्या खोलीत बोलावत. "मान पुढे वाकवा. पाठीतून वीज गेल्यासारखं होतं?" तो नाही म्हणे. बाई भिंतीला टेकत.

अकराव्या महिन्यात तो म्हणाला, "होता. कमरेपर्यंत जाता. उजवो पाय पण ओढता."

बाईंनी त्याला सगळं सांगितलं. शब्द न गिळता. मज्जारज्जूला इजा झाली आहे, पाय पुन्हा सुधारणार नाही, चूक आपली, हेही.

दत्तारामने उजवा पाय हाताने उचलून जवळ ओढला. मग म्हणाला, "बाई, आमका दोनाच्या जागी चार माग दिले, तेव्हा आमी भांडलो. धागो तुटलेलो कळना नाय म्हणान. तुमका एकटीक सत्तर माणसा दिली, तुमी गप कशाक ऱ्हवलात?"



कौसल्या बाहेर बसली होती. दारापाशी तो वळला. "बाहेर हिका सांगू नका. आंघोळीचा मनाक लावन घेईत."

दुसऱ्या दिवशी बाईंनी वरिष्ठांना कळवलं, रोज पस्तीस रोगी झाले की त्या दार लावणार. आरडाओरडा झाला. अर्धी रांग परत गेली. दुसरा डॉक्टर यायला तीन आठवडे लागले. परत गेलेल्यांपैकी काही जण पुन्हा आलेच नाहीत. त्यांची नावं बाईंनी शोधून काढली आणि पाठ केली. दत्ताराम आधी काठी टेकत यायचा, मग कौसल्येच्या खांद्यावर, मग त्याचं येणं थांबलं. बाई निवृत्त झाल्या तेव्हाही जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आता माझ्या पोटातला कोबाल्ट काढून नेलाय. पुढच्या आठवड्यात मला तोडतील. त्याचं मला काही नाही. पण वरच्या मजल्यावर नवं यंत्र बसलंय आणि तिथल्या तरुण डॉक्टरने काल एकट्याने पंच्याऐंशी रोगी हातावेगळे केले, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या मला इथपर्यंत ऐकू आल्या.

टाळ्या वाजवू नका. त्याला घरी पाठवा.