तपासणीवाल्या बाईंना पावडर फासली तेव्हा

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या बेटावर कोंबड्यांनासुद्धा ठाऊक आहे. नवरा होता तोवर म्हणायचा, "मिलियाकेरे, ही जीभ एक दिवस तुला बुडवणार." बुडवलंच मेलीने, आणि तेही नेमकं बालवाडीच्या तपासणीच्या दिवशी!

ही बालवाडी आम्ही बायकांनी अठरा वर्षांपूर्वी चर्चच्या मागच्या पडवीत सुरू केली. नियम एकच, घरटी एक दिवस. ज्या घराचा दिवस, त्या घराने मासे आणि कसाव्याचे कंद शिजवायचे अन् दिवसभर पोरांत बसायचं. पोटुशी बाई तिसऱ्या महिन्यापासून आमच्यातच येऊन चटई विणते, म्हणजे मूल जन्माआधीच बालवाडीत. बापांचीही सुटका नाही. शनिवारी झोपाळे दुरुस्त करा, नाहीतर माझी बोलणी खा. शहरातून कितीतरी योजना आल्या, फोटो काढले आणि वर्षाच्या आत गेल्या. आमचा दिवस मात्र कुणी चुकवला नाही. वादळात छप्पर उडालं तेव्हा आंब्याखाली बसलो.

पहिल्या तुकडीतली सेरेइमा शिकून शिक्षिका झाली आणि इथेच परत आली. सरकारी मान्यता मिळाली तर ती राहणार होती. नाही मिळाली तर तिची बदली शहरात. मग बालवाडी चालवणार कोण? आम्ही आता गुडघे धरून उठणाऱ्या बायका.

सकाळी नाववाल्या वाईसाकेचा फोन आला. "मावशी, तपासणीला नाबुकेलाऊचं माणूस येतंय!"

मी टाळीच वाजवली. नाबुकेलाऊ गावाचा आणि आमच्या गावाचा मूळपुरुष एक. म्हणून आमच्यात रीतच आहे, एकमेकांना वाटेल ते बोलायचं, तोंडाला पावडर फासायची, हाताला लागेल ते पळवायचं, आणि समोरच्याने हसून परतफेड करायची. जो रागावेल तो मूर्ख. म्हटलं, घरचंच माणूस आलं, झालं आपलं काम!

नावेतून एक बाई उतरल्या. इस्त्रीचा झगा, काखेत फाईल. मी पुढे धावले. "आली गं बाई, खेकडेचोरांची लेक! तुमच्या गावात आरसे नसतात वाटतं?" असं म्हणत मूठभर पावडर त्यांच्या दोन्ही गालांना फासली, पायांतल्या चपला काढून घेतल्या आणि खांद्यावरची पिशवी माझ्या खांद्यावर टाकली. बायका खो खो हसल्या. मी वाट बघत राहिले, आता ही मला काय सुनावते!

 बाईंचे मात्र डोळे भरून आले.

सेरेइमाने माझा दंड धरला. "आजी, काय केलंत हे! नाबुकेलाऊचे साहेब आजारी पडलेत. या आसेनाथाबाई आहेत, शहरातल्या. त्यांचं तुमचं काही नातं नाही!"

मेले! धरणी दुभंगली असती तर चपलांसकट आत गेले असते.

बाईंनी तोंड पुसलं, पडवीत जाऊन बसल्या आणि फाईल उघडली. सेरेइमा पांढरीफटक पडली होती. अठरा वर्षं सगळ्या गावाने वाढवलेलं मी एका मुठीत उडवलं होतं. घरी जाऊन, जिचं पेय आम्ही मानाने पाजतो ती यांगोनाची मोठी मुळी आणली, चपला-पिशवीसकट बाईंपुढे ठेवली आणि मान खाली घालून जमिनीवर बसले. आमच्यात माफी अशीच मागतात. समोरच्याने मुळीला हात लावला की माफी. नाही लावला तर तसंच बसून राहायचं.

बाई लिहीत राहिल्या. माझे गुडघे ठणकायला लागले. रडूही येत होतं, पण कुणाला दाखवते!

तेवढ्यात मागे खुसफुस ऐकू आली. चार वर्षांची लोसालिनी येऊन मला चिकटून बसली. मान खाली, हात मांडीवर. मग दुसरं आलं, तिसरं आलं. बघता बघता एकोणीस पोरं माझ्यामागे माना खाली घालून बसली. एवढा गोंगाट करणारी कार्टी, पण एकाच्या तोंडून शब्द नाही. आमच्या बालवाडीत हे रोजचंच. एकाने दुसऱ्याला चावलं तरी माफीला सगळे बसतात. पण आज त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंचं पेन थांबलं. "काय गं, तू कशाला माफी मागतेस?"

"आमची चूक झाली," लोसालिनी म्हणाली.

"कसली चूक?"

"ते माहीत नाही. पण आजी आमची आहे."

बाई बघतच राहिल्या. मग खुर्चीवरून उतरल्या, खाली आमच्यासमोर बसल्या आणि दोन्ही हातांनी मुळी उचलली. सगळ्या पोरांनी तळहात पोकळ धरून माफी मिळाल्याच्या टाळ्या वाजवल्या.

"हे यांना शिकवलं कुणी?" त्यांनी सेरेइमाला विचारलं.

"कुणी एकाने नाही, बाई. मीही इथेच शिकले."

"मग आता इथेच शिकवा. मान्यतेचं मी लिहिते."

सेरेइमा पोरांत जाऊन बसली. आणि मी, जिला गावाने नवऱ्याच्या मातीतही रडताना पाहिलं नव्हतं, ती लोसालिनीला कुशीत घेऊन हमसून हमसून रडले.