गादीवरचं नाव

मित्रांनो, राजाचे खांदे मी पुष्कळ पाहिले आहेत. बहुतेक आठ-नऊ वर्षांचे, घामेजलेले आणि माझ्या मापापेक्षा लहान. मी भाड्याने मिळणारा राजाचा अंगरखा आहे. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एका शिंप्याने मला पडद्यांच्या उरलेल्या किरमिजी मखमलीतून शिवलं. तेव्हापासून मी तिथल्याच द्रौपदीबाईंच्या दुकानात टांगलेला असतो.

शाळांची संमेलनं आली की मला उसंत नसे. मी रंगमंचावर आलो की चोपदार ओरडायचा, "राजाधिराज, प्रजापालक, न्यायनिष्ठ..." बरीच वर्षं मला वाटायचं, ही सगळी माझीच नावं. मग मुलांना उडणाऱ्या वीरांचे चकचकीत पोशाख आवडू लागले. मी डांबराच्या गोळ्यांच्या वासात मागच्या दांडीवर गेलो. पदव्या ऐकू येईनाशा झाल्या.

गेल्या डिसेंबरात स्वप्नाली नावाची एक तरुण आई दुकानात आली. मखमल आतून टोचते का, बटण तोंडात गेलं तर काय, हे तिने आधी विचारलं आणि नंतर म्हणाली, "राणीचा ड्रेस हवाय. मुलगी तिसरीत आहे."

द्रौपदीबाई म्हणाल्या, "बेटा, रानी दो टाइप की. एक राजाच्या बाजूला बसनेवाली, एक खुद गादीवर बसनेवाली. तुझी कौन सी?"

"स्वतःच बसते. वडील वारतात, मग तिचा राज्याभिषेक होतो."

"मग साडी कशाला? हा ने."

अशा रीतीने मी बदलापूरला, शिरगावच्या एका फ्लॅटमध्ये पोचलो आणि चार दिवस हॉलमधल्या खिळ्यावर राहिलो. घरात स्वप्नाली, तिचा नवरा अभिजीत, सासरे हिंदुराव, सासूबाई कौसाबाई आणि माझी नवी राणी हिमानी.

हिमानीपुढे एक पेच होता. नाटकात चोपदार नव्या राणीचं नाव पुकारतो, पण शाळेतल्या बाईंनी तिथे रिकामी जागा सोडली होती. गादीवर बसणारा राजा नवं नाव घेऊ शकतो, तुझं तू ठरवून आण, असं त्यांनी सांगितलं होतं. नावाशिवाय राणीला प्रवेश नव्हता.

"खरंच बदलतात नाव?" हिमानीने विचारलं.

स्वप्नालीने मोबाइलवर बघून ठेवलंच होतं. "हो. इंग्लंडमध्ये काही राजांनी गादीवर बसताना वेगळं नाव घेतलं. आणि शंभरेक वर्षांपूर्वी त्या घराण्याने आपल्या एका किल्ल्याचं नाव स्वतःला लावून घेतलं."

"मग आपण पण लावू," हिंदुराव म्हणाले. "आपल्या बिल्डिंगचं. हिंदुराव साई दर्शन!"

"आणि राणीचा नवरा राजा होतो?" हिमानीने विचारलं.

"नाही. तिकडे तरी नाही."

"बिचारा," अभिजीत म्हणाला.

हिंदुरावांनी मान ताठ केली. "आमच्या नावातच राव आहे. ही पदवीच, काय?"

"पदवी!" लसूण सोलता सोलता कौसाबाई म्हणाल्या. "रावांना सकाळपास्नं स्वतःचा चश्मा सापडत नाय."

सगळे हसले. हिमानी मात्र विचारात होती. "मम्मी, मोठेपणी नाव बदलणारे फक्त राजेच असतात का?"

"तसं नाही. लग्नात नवरीचंही बदलायचे. नवरा तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायचा. काही घरी अजून लिहितात. मी नाही बदललं."

"आजी, तुझं?"

"माझं बदललं ना. मी विठा होते. ह्यांनी कौसा लिहिलं."

"मग तूच निवडलंस? राजासारखं?"

"मला कोन इचारतंय! तवा वाचता पन येत नव्हतं. दुसऱ्या कुनी वाचून सांगितलं, तवा कळलं की मी कौसा झाले."

हिंदुराव हळूच म्हणाले, "आईने सांगितलं ते मी लिहिलं गं." कौसाबाई पुढची पाकळी सोलू लागल्या. "भाऊ होता तवर विठे म्हनून हाक मारायचा. आता कोनी नाय."



स्वप्नालीने त्या आठवड्यात नावांची यादी केली. राजनंदिनी, राजलक्ष्मी, राजेश्वरी. हिमानी प्रत्येक नावाला "बघू" म्हणाली. संमेलनाच्या सकाळी स्वप्नाली माझ्यावर इस्त्री फिरवायला बसली, तर खिशातून एक चिठ्ठी निघाली. चोपदार झालेल्या राजरत्नला द्यायची ती. त्यावर हिमानीच्या अक्षरात एकच नाव होतं, विठाराजे.

तिचा हात थांबला. इस्त्री जरा वेळ तशीच राहिली असती, तर मी आज बोलायला उरलो नसतो. तिच्या मनात काय चाललंय ते मला बोटांवरून कळत होतं. सासूबाईंचं माहेरचं नाव, तेही माइकवर! पाहुणे येणार, सासऱ्यांसमोर सगळं. त्यांना दुखलं तर? चारचौघांत रडू आलं तर? पेन शेजारीच होतं. राजनंदिनी लिहिलं असतं तर मुलगी थोडी रुसली असती, एवढंच.

ती स्वयंपाकघराच्या दारात गेली. मी तिच्या हातावरच होतो.

"आई, तुमचं जुनं नाव कुणी घेतलं तर राग येईल?"

"आता कोन घेतंय गं ते," कौसाबाई मागे न बघता म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पन चांगलं होतं. लहानसं, तोंडात बसनारं."

स्वप्नालीने चिठ्ठी घडी करून खिशात परत ठेवली. दिवसभर ती नखं खात होती.

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर खुर्च्या भरल्या. पहिल्या रांगेत आजी-आजोबा. विंगेत हिमानीचं काळीज माझ्या अस्तराला धडका देत होतं. राजरत्नने काठी आपटली आणि सगळा जोर लावून ओरडला, "राजाधिराज, प्रजापालक, न्यायनिष्ठ, महाराणी विठाराजे येत आहेत हो!"

पहिल्या रांगेत कौसाबाई उठून उभ्या राहिल्या.

"आले," त्या म्हणाल्या, चांगल्या मोठ्याने. मग भानावर येऊन त्यांनी तोंडाला पदर लावला. मागच्या पोरांनी खिदळायला सुरुवात केली, तोच हिंदुराव उभे राहिले. त्यांनी बायकोकडे वळून, रंगमंचावर चोपदार करतो तसा, कमरेत वाकून मुजरा केला. मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. राणी पायऱ्या चढत होती, पण लोक बघत होते पहिल्या रांगेकडे. स्वप्नाली रडत होती आणि ज्यांच्या रडण्याची तिला भीती होती, त्या कौसाबाई हसत होत्या.

मी आता पुन्हा कॅम्प चारला आहे. मला कडक उन्हात वाळत घालू नका, मखमल विटते, एवढी माझी स्वतःची विनंती. दुसरी विनंती मात्र माझ्यासाठी नाही. तुमच्या घरात कुणाचं नाव तांदळात बदललं असेल, तर आधीचं कोणतं होतं ते विचारा. आणि आजच एकदा त्या नावाने हाक मारून बघा.