बेदाणे वर आले

फिनलंडमधल्या वाप्पूच्या, म्हणजे एक मेच्या सणाला सिमा आणायची ती रैमोच्या थोरल्या बहिणीने, हेल्वीने. कुओपिओ गावात लिंबू-साखरेचं ते फसफसणारं पेय तिच्यासारखं कुणाला जमत नाही, असं घरात सगळेच म्हणत. यंदा मात्र रैमोच्या बायकोने, ऐलाने, हट्ट धरला, "या वेळी माझी सिमा प्यायची."

तिने साखरपाणी कोमट होऊ दिलं, यीस्ट घातलं आणि बाटल्या भरताना प्रत्येकीत थोडी साखर नि थोडे बेदाणे टाकले. बेदाणे आधी तळाशी बसतात. आत वायू धरला की फुगून वर येतात. ते वर आल्याशिवाय बाटली उघडायची नसते.

सणाच्या आदल्या दिवशीही ते तळाशीच होते.

"थंडी आहे रे, अजून एक दिवस लागेल," ऐला म्हणाली. "उद्या पाहुण्यांना सांगू, सिमा प्यायला दुसऱ्या दिवशी पुन्हा या."

"हेल्वी वर्षभर चिडवेल तुला."

"चिडवू दे की!"

सकाळी स्वयंपाकघरात आली आणि ती आनंदाने ओरडलीच. सगळे बेदाणे वर! रैमोही हसला.

पाहुणे आले, पेले भरले गेले. हेल्वीने घोट घेऊन डोळे मिटले. "अगं ऐला, इतकी वर्षं कुठे लपवली होतीस ही कला? मलाही शिकव बाई!"

ऐलाने आपल्या पेल्यातला बेदाणा चावला. कडक, सुरकुतलेला. आठवडाभर बाटलीत राहिलेला बेदाणा टम्म फुगतो. हा आज सकाळीच पडला होता.

तिने रैमोला आत गाठलं. "माझी सिमा कुठाय?"

"सिंकमध्ये ओतली. बाटल्या लागत होत्या ना. दुकानातली भरली. अगं, तुझी लाज राखली मी."

"मला कुठे लाज वाटत होती? एक दिवस मागितला होता फक्त! आणि सकाळी मी नाचत होते, ते तू बघत राहिलास?"

"हेल्वीच म्हणाली, पोरीचं मन राहील…" बोलता बोलता त्याने जीभ चावली.

म्हणजे तिलाही ठाऊक होतं. घोट घेताना, डोळे मिटताना, सगळं ठाऊक होतं.

ऐला बाहेर आली तशी हेल्वी म्हणाली, "मग, कधी शिकवतेस?"

"तूच शिकव ना, हेल्वी. कुठल्या दुकानातून आणायची, ते सांग सगळ्यांना."

थट्टा समजून कुणीतरी हसलं. हेल्वी हसली नाही. ऐलाने भरलेला पेला तसाच ठेवला, कोट चढवला आणि ती दार ओढून निघून गेली.