मुदत संपल्यावर येईन

सॅक पाठीवर टाकायची आणि पाय नेतील तिकडे जायचं, एवढाच दंतवैद्यबाईंचा बेत होता. पण पर्यटक व्हिसाच्या नियमांना मोकाट पाय चालत नाहीत. सतराव्या रात्री आपण कुठल्या खाटेवर घोरणार, हेही आधी कळवावं लागतं. अर्ज मराठीत भरून अधिकृत भाषांतर जोडायची तेवढी मेहेरबानी होती. शेवटचा प्रश्न होता, 'मुदत संपल्यावर काय कराल?' बाईंनी लिहिलं, 'मी जाईन.'

वडील निवृत्त हेडक्लार्क. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय घरातून कागद बाहेर पडत नसे.

"मी जाईन? असं अभद्र लिहितात का? शिकलीसवरलेली ना तू?"

त्यांनी 'जाईन' खोडून वळणदार अक्षरात 'येईन' केलं आणि शेजारी लेकीची सही घेतली. भाषांतरकार त्यांच्याहून काटेकोर. त्याने शब्दाला शब्द ठेवला.

पंधरा दिवसांनी नकार आला. 'व्हिसाची मुदत संपल्यावर येणार असल्याचं अर्जदाराने स्वतःच लेखी कळवलं आहे.'

"अडाणी लेकाचे!" वडिलांनी निकाल दिला. "साधं मराठी कळत नाही!"

बाईंनी नवा अर्ज भरला, वडिलांचा चष्मा सापडायच्या आत पाकीट चिकटवलं आणि चपला घातल्या.

"बाबा, जाते."

"अगं, येते म्हणावं!"

"मागच्या वेळी तेच म्हटलं होतं. बघा, अजून इथेच आहे."