चव्वेचाळीस चिठ्ठ्या

मुळात ही भानगड माझी नव्हतीच. शेजारच्या 'अ' तुकडीच्या बाईंनी गेल्या वर्षी सुट्टी लागताना आपल्या वर्गाला एकेक पाण्याची बाटली दिली, झाकणावर कार्टून असलेली, आणि माझ्या 'ब' तुकडीच्या पालकांच्या पोटात दुखायला लागलं. म्हणून यंदा मोठ्या बाईंनी सूचनावहीच फिरवली. सुट्टीच्या आदल्या दिवशी प्रत्येक वर्गशिक्षिकेने मुलांना छोटीशी भेट द्यावी, स्वतःच्या खिशातून, आणि कुणीही महागडं काही देऊ नये. म्हणजे द्यायचं तर आहेच, पण दिलंय असं दिसायला नको. मी मुकाट्याने सही केली. न करून सांगते कुणाला!

स्टाफरूममध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. कुणी खोडरबर, कुणी पट्ट्या, कुणी कागदात गुंडाळलेल्या फुलांच्या बिया. संगीताच्या बाई म्हणाल्या, "एक दिवस गृहपाठ माफ, अशी तिकिटं दे." कल्पना बरी होती. पण चौथीतली चव्वेचाळीस पोरं, ती काय वेगवेगळ्या दिवशी तिकिटं काढणार आहेत? शेवटी मी म्हटलं, आपल्याकडे फुकटात काय आहे? जीभ. ती तिखट आहे हे अख्ख्या शाळेला माहीत आहे. तर या खेपेला तिच्याकडून थोडं गोड काढून घेऊ. प्रत्येकाला एक चिठ्ठी, दोन ओळींची. तुझ्यात मला काय आवडतं, एवढंच.

सोपं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पहिल्या दहा जणांतच घाम फुटला मला. अक्षर चांगलं, पाढे पाठ, डबा वाटून खातो... पुढे काय? अशा वेळी दोन मुली मात्र पटकन लिहून झाल्या.

एक रेडिओ. हे नाव मुलांनी ठेवलेलं. पोरगी वर्गात यायच्या आधी तिचा आवाज जिन्यातून येतो. उत्तर येवो न येवो, हात वर. मधल्या सुट्टीत गाणं, गाणं संपलं की बातम्या: कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाच्या भावाने काच फोडली. पोटात म्हणून काही राहत नाही. दिवसातून दहा वेळा मी ओरडते, "रेडिओ, बंद!" पण खरं सांगायचं तर ती गैरहजर असली की वर्गात शिकवावंसं वाटत नाही. तिला लिहिलं, 'तुझा आवाज मला फार आवडतो. तो कानावर पडला की माझा दिवस चांगला जातो.'

दुसरी कुजबूज. हजेरी घेताना तिचे फक्त ओठ हलतात, 'हजर' शेजारीण म्हणते. काही विचारलं तर खाली बघून दप्तराच्या पट्ट्याशी कुजबुजते. तिला लिहिलं, 'तुझं शांत बसणं मला आवडतं. ते सगळ्यांना जमत नाही.'

रविवारी दुपारी चिठ्ठ्या पाकिटात भरायला नवरा मदतीला बसला. तो औषधांच्या दुकानात काउंटरला असतो, त्यामुळे घड्या घालण्यात वाकबगार. म्हणाला, "अगं, चिठ्ठीवर पण नाव घाल."

"पाकिटावर आहे ना नाव! चव्वेचाळीस नावं दोनदा लिहायला माझा हात काय भाड्याचा आहे?"

"वीस वर्षांत एकाची गोळी दुसऱ्याला दिली नाही मी, ती उगाच नाही."

"अहो, या चिठ्ठ्या आहेत. खाऊन कुणी मरत नाही."

तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं, मी धावले, ओटा पुसला, परत येऊन उरलेली पाकिटं भराभर भरली. त्याला चहा हवा होता, मला हे एकदाचं संपायला हवं होतं.

दहा दिवसांनी शाळा उघडली. हजेरी घेत होते, तर एक खणखणीत "हजर!" आलं. मी मान वर केली. कुजबूज उभी होती. उभी! हसत होती. मी चष्मा पुसला. मग लक्षात आलं, आज जिन्यातून काही आवाज आलाच नव्हता. रेडिओ हाताची घडी घालून जागेवर बसलेली. मला वाटलं, ताप-बिप असेल. आणि माझ्या मेलीच्या जिभेला कुठे हाड? मी म्हटलं, "वा! आज रेडिओ बंद! सुट्टी मानवली म्हणायची." वर्ग हसला. तिने घडी आणखी घट्ट केली.

चौथ्या दिवशी कुजबूजचे वडील आले. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात, अंगात कंपनीचा निळा शर्ट, हाताला ग्रीस. दारातच उभे राहिले.

"बाई, दोन मिनिटं. हिच्या आईला वाटायचं पोरीत काहीतरी कमी आहे. दोन डॉक्टर झाले. आणि या सुट्टीत घरात नुसता हिचा आवाज. शेजारचे विचारायला आले, कोण आलंय म्हणून." त्यांनी शर्टाच्या खिशातून एक कार्ड काढलं. लॅमिनेशन केलेलं. "हे तुम्ही लिहिलंत ना? हिच्यासाठी एक आणि आमच्यासाठी एक झेरॉक्स, अशी दोन करून घेतली. ही रोज मोठ्याने वाचून दाखवते. बाईंना माझा आवाज आवडतो, म्हणते."

मी वाचलं. माझं अक्षर. 'तुझा आवाज मला फार आवडतो.'

"तुमचे उपकार कसे फेडायचे?" ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

"अहो, त्यात काय एवढं," मी म्हटलं. दूध, ओटा, फडकं, सगळं डोळ्यांपुढे आलं.

मधल्या सुट्टीत रेडिओला थांबवलं. "काय ग, मी तुला चिठ्ठीत काय लिहिलं होतं?"

ती बुटाच्या टोकाकडे बघत होती. "शांत बसायला."

"असं लिहिलं होतं?"

"शांत बसणं आवडतं, सगळ्यांना जमत नाही, असं. मला कळलं, बाई." मग घाईघाईने म्हणाली, "मी बसते ना आता."

दुसऱ्या कुणी बाईंनी लिहिलं असतं तर पोरीला चिठ्ठी चुकलीय असं वाटलं असतं. माझ्याकडून आली, म्हणून तिला तो टोमणा वाटला. चार महिने मी पेरलं होतं तेच उगवलं. मला तिथेच रडू यायला लागलं, पण घंटा झाली.

आता बघा, कशी अडकले ते. रेडिओला तिची खरी ओळ सांगावी, तर ती ओळ कुजबूजच्या कंपासपेटीत लॅमिनेट होऊन पडलेली, सगळ्या वर्गाने वाचलेली. रेडिओला क्षणात कळणार कुणाची ती. आणि रेडिओला कळलं म्हणजे आकाशवाणीच. दुसऱ्या दिवशी सगळी शाळा कुजबूजला सांगणार, ती चिठ्ठी तुझी नाहीच मुळी. गप्प राहावं, तर ही पोरगी हाताची घडी घालून माझ्यासमोर विझत चाललेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मी पळवाटा शोधल्या. रेडिओला गाणं म्हणायला सांगितलं. "नको बाई, दुसऱ्या कुणाला तरी द्या." तिला नवी चिठ्ठी लिहिली, चांगली चार ओळींची, नावासकट. तिने वाचली, नीट घडी केली आणि परत माझ्या टेबलावर ठेवली. "हे मला वाईट वाटलं म्हणून लिहिलंय ना तुम्ही?" दहा वर्षांच्या पोरीपुढे मला खोटं बोलता येईना आणि खरंही बोलता येईना.

मग तिची आई फाटकापाशी भेटली. घरी शिवणकाम करते, गळ्यात मापाची टेप तशीच. "बाई, शाळेत काही झालंय का हो? घरात मशीन चालू असायची आणि तिच्यावरून हिची बडबड. मी कितीदा म्हटलंय, गप ग बाई. आणि आता नुसती मशीनच ऐकू येते. परवा विचारते मला, आई, मी फार बोलते का ग?"

मी काय म्हटलं असेल? "वय वाढतंय हो. होतं असं." आणि चालती झाले. रस्ता ओलांडेपर्यंत मागे बघायची हिंमत झाली नाही. स्वतःची इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

नवऱ्याला सांगितलं. त्याचं आपलं दुकानातलं शहाणपण. "चुकीची गोळी गेली की लगेच फोन करून कळवायचं. लपवलं की वाढतं."

"आणि त्या चुकीच्या गोळीने दुसरीला गुण आला असेल तर?"

त्याने कप खाली ठेवला. मग उठून तो विसळायला घेऊन गेला.

शेवटी शुक्रवारी शाळा सुटल्यावर रेडिओला वाचनालयाच्या खोलीत बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. दूध उतू गेलं तिथपासून. ती ऐकत होती. मध्ये एकदाही बोलली नाही, यावरूनच तिची अवस्था समजा.

"म्हणजे ती कुजबूजची होती? माझ्याकडे आली ती?"

"हो."

"आणि तिच्याकडे आहे ती माझी? तुमचा दिवस चांगला जातो ते?"

"तुझीच. तुझ्याशिवाय कुणाची असणार?"

काय फुलला होता तो चेहरा! आपादमस्तक हसली पोरगी. उठलीच, आता पळत जाऊन अख्ख्या गल्लीला सांगणार अशी. आणि दारापाशी थांबली. हसू तसंच अर्धं राहिलं.

"तिला सांगायचं नाही ना, बाई?"

मी हे म्हटलंच नव्हतं. तिचं तिनेच म्हटलं. तेव्हा मी म्हणायला हवं होतं की तू नको काळजी करूस, निस्तरायचं ते माझं मी निस्तरीन. पण मला इतकं हायसं वाटलं की मी म्हटलं, "नकोच सांगूस. कुणालाच."

"आईला पण?"

"आईला पण."

"शप्पथ," ती म्हणाली आणि दप्तर उचलून निघाली. जाताना गात गेली नाही.

सोमवारी मात्र जिन्यातून आवाज आला. मी पेनाला टोपण लावून ऐकत बसले. हात वर, गाणं, बातम्या, सगळं परत आलं. मी दोनदा "रेडिओ, बंद!" म्हटलं तर खुदकन हसली. कुजबूजही आता मागेपुढे वळून बोलायला लागली होती. वर्गात एकाऐवजी दोन रेडिओ. मला वाटलं, सुटले. साप मेला आणि काठीही शाबूत.

पुढच्या आठवड्यात चित्रकलेचा ऑफ तास माझ्याकडे आला. मी वह्या तपासत होते, मुलं रंगवत होती. कुजबूजने कंपासपेटीतून कार्ड काढलं आणि सुरू झाली, "ए, तुझ्या चिठ्ठीत काय होतं? आणि तुझ्या?" पोरं एकेक सांगायला लागली. मी मान वर केली नाही. थांबवायला कारण काय देणार?

"रेडिओ, तुझी नाही दाखवलीस कधी."

"घरी आहे."

"पाठ असेल ना! तुझं सगळं पाठ असतं. म्हण की."

आता मी बघितलं. रेडिओ माझ्याकडेच बघत होती. मी एवढंच म्हणायचं होतं, चला, पुरे, रंग आवरा. माझ्या टाळ्याला चिकटलेली जीभ हलली नाही. म्हणून ती उभी राहिली आणि कविता म्हणावी तशा खड्या आवाजात म्हणाली, "तुझं शांत बसणं मला आवडतं. ते सगळ्यांना जमत नाही."

क्षणभर वर्गाला कळेना. मग एकच हशा. बाकं बडवली पोरांनी. रेडिओ आणि शांत! सगळ्यांत मोठ्याने हसत होती ती कुजबूज, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अय्या! बाईंनी टोमणा मारला तुला! ते सगळ्यांना जमत नाही म्हणे! कुणी लिहितं का असं कुणाला!"

कुजबूजसाठी मी लिहिलेली तीच एकमेव ओळ होती, आणि ती पोरगी तिला हसत होती.

रेडिओने तिच्याकडे बघितलं. एका शब्दाचं काम होतं. मग तिनेही पोट धरून हसायला सुरुवात केली, अगदी खऱ्यासारखी, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुम्ही पण ना!"

चव्वेचाळीस तोंडं माझ्याकडे वळली. मीही हसले.