दैत्याच्या हाडातलं रक्त

युसूफ वडगावच्या शिवारात सुंदररावांच्या नव्या शेततळ्यापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. केजहून भरून आलेल्या जीपा पार बांधापर्यंत लागल्या होत्या. मांडवात तांब्याच्या पातेल्यावर हात पसरून अस्थिनाथ महाराज उभा होता आणि भोंग्यातून त्याचा घोगरा आवाज रानभर फिरत होता.

"ह्या तळ्यात निघालेलं हाड कुणाचं? दैत्याचं! कोट्यवधी वर्सांपूर्वीचं! अन् आत काय हाय? जितं मांस! मी न्हाई, अमेरिकेचं सायन्स सांगतंय! डायनासोरच्या हाडात त्यांना रक्ताच्या नळ्या घावल्या, कोलॅजन घावलं! कोलॅजन म्हंजी काय? कुलजन! कुळातल्या जनांना तारणारं तत्त्व!"

जयजयकार झाला. महाराजाने पातेल्यातून हळदीने माखलेलं हातभर हाड काढलं आणि दोन्ही टोकांना धरून रबरी नळीसारखं वाकवलं. मग त्यावर कमंडलूतलं 'गंगाजल' ओतलं. पिवळ्या हाडावरून लालभडक ओघळ खाली आले आणि माणसं ते तीर्थ झेलायला तांबे घेऊन पुढे घुसली.

मांडवाच्या खांबाशी उभी राहून तेजश्री हे पाहत होती. ती सुंदररावांची मुलगी. केजच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायची. हातभर हाडाचा हा दैत्य भलताच किडकिडीत असला पाहिजे, असं तिला पहिल्या दिवशी वाटलं होतं. आता तिला हसू येत नव्हतं. समोर बाजेवर सुग्रीव पडला होता.

सुग्रीव त्यांचीच मेंढरं राखायचा. त्याला मणक्याचा टीबी होता. सरकारी गोळ्यांनी उतार पडून तो पुन्हा रानात जाऊ लागला होता. तेवढ्यात महाराज म्हणाला, "हाडाचा रोग हाडानंच जातो. त्या गोळ्या तत्त्वाला मारतात." सुग्रीवने गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. आता त्याला उठून बसताही येत नव्हतं. बायको बबिता रोज त्याच्या तोंडात तीर्थ घालत होती.

तेजश्रीने वडिलांना घरात समजावून पाहिलं होतं.

"आप्पा, आपल्या खाली सगळा थिजलेल्या लाव्ह्याचा दगड. वर काळी माती. त्यात हे हाड आलं कुठून?"

"महाराजांना दृष्टांत झाला, तितंच खणलं, तितंच घावलं."

"म्हणजे आधी पुरलं होतं."

"गप बस! झेडपीची निवडणूक तोंडावर हाय. सारा तालुका माज्या दारात आलाय अन् तू लेक असून आडवी येतीस व्हय?"

तेव्हा ती प्रयोगशाळेत गेली. खाटकाकडून म्हशीची बरगडी आणली आणि काही दिवस सौम्य आम्लात बुडवून ठेवली.

आज ती पिशवी घेऊन सरळ व्यासपीठावर चढली.

"बाईमाणसानं वर यायचं न्हाई!" महाराज ओरडला.

"महाराज, ते रक्त आहे ना? मग त्यात लिंबू पिळा."

"कावून पिळायचं? देवाची परीक्षा घेतीस?"

पातेल्यातल्या लाल पाण्यात तेजश्रीने आपल्या हाताने लिंबू पिळलं. पाणी बघता बघता पिवळं झालं.

"हळद आणि चुन्याची निवळी. चुना पडला की हळद लाल होते, लिंबू पडलं की परत पिवळी." मग तिने पिशवीतली बरगडी काढली आणि सगळ्यांसमोर वाकवली. "हे माझं हाड, खाटकाकडचं. आम्लानं हाडातला कडक भाग विरघळतो, मागे कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन उरतं. यांच्या हाडाचं टोक बघा. सत्तुराचा घाव आहे. दैत्याला कुठल्या खाटकानं तोडलं?"

"बापाची अब्रू घालवायला आलीय ही!" कुणीतरी ओरडलं. एक चप्पल तिच्या खांद्यावर बसली. तेजश्री जागची हलली नाही.

"डायनासोरच्या हाडांत मऊ भाग सापडले, हे खरं आहे," ती म्हणाली. "पण सूक्ष्मदर्शकातून दिसणारे, बारीक. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं सडत नाही, तसं रक्तातल्या लोहानं ते टिकले असावेत, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. काहींना ते पटत नाही. ते पुरावे मागतात, पुन्हा तपासतात. याला म्हणतात विज्ञान. आणि ते भाग जिवंत नाहीत. त्यांनी कुणाचा रोग जात नाही."

बबिता पुढे आली. तिच्या हातात भरलेला तांब्या होता.

"ताई, मग मी ह्यांना इतके दिवस काय पाजलं?"

"हळद, चुना आणि खाटकाकडच्या हाडाचं पाणी."

बबिताने तांब्या महाराजाच्या तोंडावर रिकामा केला. "माजा माणूस मेला असता रं!"

मग सगळाच मांडव उठला. मघाशी चप्पल फेकणारेच आता महाराजावर धावून गेले. तेजश्री मध्ये उभी राहिली. "हात लावू नका! जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. पोलिसांना बोलवा." महाराज मांडवाच्या मागून पळायला निघाला होता. बबिताने त्याची कफनी धरून ठेवली, ती पोलीस येईपर्यंत सोडली नाही.

सुंदरराव लेकीला एवढंच म्हणाले, "पुन्हा घरात पाय ठिवू नकू."

"नाही ठेवणार. पण जीप द्या, आप्पा. सुग्रीवभाऊंना दवाखान्यात न्यायचंय."

त्यांनी चावी जमिनीवर फेकली. तिने ती उचलली.

सुग्रीवचे उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागले. तो वाचला, पण पाठीला आलेला बाक आता जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. महाराज महिन्याभरात जामिनावर सुटला. सिरसाळ्याकडे कुठे तो नवं काही काढतोय, असं ऐकू येतं.

तो तुमच्या गावात येईल तेव्हा बरोबर सायन्सचे शब्दही आणील. शब्दांना भुलू नका. पुरावा मागा, परत करून दाखवायला सांगा आणि चालू असलेलं औषध कुणाच्याही सांगण्यावरून फेकू नका. विचारल्याने खरी गोष्ट मोडत नाही. मोडते ती फक्त खोटी.